सावलीचे कारण

कडकराव हे पर्यावरणाचे कट्टर समर्थक आहेत, ही गोष्ट खुद्द कडकरावांना पक्षाच्या परिपत्रकातून कळली. परिपत्रक मंगळवारी आलं. सोमवारपर्यंत ते या विषयात तटस्थ होते, कारण आधीच्या परिपत्रकात तसं लिहिलेलं होतं.

त्यांची लाँड्री गल्लीच्या तोंडाशी होती. खळ घालण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांच्याकडून आलेला शर्ट खुर्चीवर ठेवला तर पाहुणा बसल्यासारखा दिसायचा. मतांचंही तेच. एकदा खळीतून काढून इस्त्री फिरवली की त्यांच्या मताला सुरकुती पडत नसे. म्हणून अख्खी गल्ली त्यांना कडकराव म्हणायची. मूळ नाव दुकानाच्या परवान्यावर होतं, पण तो भिंतीवर इतक्या उंच टांगलेला होता की ते वाचायला कोणी शिडी लावली नव्हती.

पक्षावरची निष्ठा बावीस वर्षांची. एवढ्या काळात पक्षाने तीनदा झेंडा आणि दोनदा विचारसरणी बदलली. कडकरावांनी एकदाही पक्ष बदलला नाही. मधे दुसऱ्यांचं सरकार असताना गावाबाहेरच्या टेकडीवर पवनचक्क्या बसणार होत्या. तेव्हा कडकराव भर उन्हात मोर्चात चालले होते. "यांनी वारा कापून नेला, तर लोकांचे कपडे वाळायचे कसे?" हा त्यांचा सवाल वर्तमानपत्रात छापून आला होता. पुढे सरकार बदललं, त्याच टेकडीवर त्याच पवनचक्क्या बसल्या, फीत मात्र आपल्या साहेबांनी कापली. मग कडकराव गिऱ्हाइकांना समजावू लागले, "वारा काही संपत नाही. आधी त्याची वीज करायची, उरलेल्यावर कपडे वाळवायचे. याला नियोजन म्हणतात."

त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, समोरच चष्म्यांचं दुकान चालवायचा आणि दुसऱ्या पक्षात होता. तो म्हणाला, "दाजी, मोर्चात तुम्ही नेमकं उलटं बोलला होतात."

"तेव्हा वारा वेगळा होता," कडकराव म्हणाले.

तर मंगळवारच्या परिपत्रकात नवी योजना होती. तिचं नाव 'छप्पर तिथे वीजघर'. प्रत्येक वॉर्डातून एका निष्ठावंताने आधी आपल्या छपरावर सोलर पॅनेल बसवून घ्यायचे आणि जनतेपुढे आदर्श ठेवायचा, असं ठरलं होतं. वॉर्ड अध्यक्षांनी कडकरावांना बोलावून घेतलं आणि बारा पानांचा करार पुढे ठेवला. कडकरावांनी शेवटचं पान उलगडून सही केली. वाचून सही करणं म्हणजे अविश्वास दाखवणं झालं असतं.

पंधरा दिवसांत दुकानाच्या छपरावर बारा पॅनेल बसले. आणि इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे, ती ही की ते चालले. ऊन पडलं की कडकरावांचा मोठा स्टीम प्रेस गरम व्हायचा, दिवसभर फुसफुसत राहायचा. चादरी सपासप निघायच्या. कडकरावांच्या बायकोला पक्षाचं काही सोयरसुतक नव्हतं. आयुष्यभर तिने एकच विचारसरणी मानली होती, ती म्हणजे दोनच्या आत माल पोचला पाहिजे. गावातल्या इस्पितळाच्या दोनशे चादरी आणि ऑपरेशनचे गाऊन रोज त्यांच्याकडे येत. पहाटे धुवायचं, सकाळी वाळवायचं, दुपारी दोनच्या आत इस्त्री करून पोचवायचं. महिनाभराने तीसुद्धा म्हणाली, "चांगलं आहे हो हे. खोटं कशाला बोलू."

मेहुण्याने काउंटरवर कोपर टेकून विचारलं, "पण सूर्य काय तुमच्या पक्षाने आणला?"

"आणला नाही. कामाला लावला," कडकराव म्हणाले. "इतकी वर्षं नुसता उगवायचा आणि मावळायचा. कोणी विचारणारं नव्हतं त्याला."

असं सगळं सुरळीत चाललेलं पाहून शासनाने लोकांना ते कळवायचं ठरवलं. एके सकाळी ट्रक आला, चार माणसं उतरली, त्यांनी दुकानाच्या दक्षिणेला फुटपाथवर खड्डे घेतले आणि संध्याकाळपर्यंत तिथे तीन मजली उंचीचं लोखंडी होर्डिंग उभं राहिलं. त्यावर साहेबांचा हसरा चेहरा होता. खाली अक्षरं होती: 'सूर्य घराघरांत, साहेब मनामनांत'. उजव्या कोपऱ्यात हातात इस्त्री घेतलेले कडकराव होते, आकाराने साहेबांच्या कानाएवढे. कडकरावांनी रस्ता ओलांडून पलीकडून पाहिलं, मग आणखी लांब जाऊन पाहिलं. बावीस वर्षांत पक्षाने त्यांना पहिल्यांदाच इतकं मोठं केलं होतं. त्यांना भरून आलं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला प्रेस थंड पडला.

"आभाळ आलेलं दिसतंय," कडकराव प्रेसची बटणं दाबत म्हणाले.

बायको छपरावर जाऊन आली. "आभाळ नाही आलेलं," ती म्हणाली. "साहेब आलेत. वर जाऊन बघा."

कडकराव वर गेले. बाहेर लख्ख ऊन होतं, पण बाराच्या बारा पॅनेल गडद सावलीत होते. आठ पॅनेलवर साहेबांचा चेहरा, दोनांवर घोषणा, आणि कोपऱ्यातल्या दोनांवर खुद्द कडकराव पडले होते. त्यांनी तिथेच पाय मुडपून बसून वाट पाहिली. सूर्य सरकला तशी सावलीही सरकली, पण होर्डिंग इतकं रुंद होतं की चार वाजेपर्यंत पॅनेलवरून ती काही हटली नाही. चारनंतर ऊन आलं, तेव्हा त्यात पापडसुद्धा वाळला नसता.

आता कोणी म्हणेल, मग सरकारी वीज वापरायची. बायकोही तेच म्हणाली. तेव्हा कडकरावांनी करार पहिल्यांदा काढून वाचला. नवव्या पानावर कलम होतं: 'दुहेरी लाभ टाळण्यासाठी आदर्श लाभार्थ्याचा शासकीय वीजपुरवठा सूर्योदय ते सूर्यास्त या कालावधीत बंद राहील.' म्हणजे पहाटे धुण्यापुरती वीज होती आणि रात्री पंख्यापुरती. इस्त्रीच्या वेळेला नव्हती.

"सही करताना दिसलं नाही?" बायकोने विचारलं.

"नवव्या पानावर आहे ते," कडकराव म्हणाले. "सही बाराव्या पानावर होती."

ते वॉर्ड अध्यक्षांकडे गेले. मागणी अगदी नम्र होती. होर्डिंग फक्त दहा पावलं डावीकडे घ्यावं, तिथे मोकळी भिंत आहे, साहेब तिथून जास्तच चांगले दिसतील.

अध्यक्षांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "म्हणजे साहेबांना बाजूला सारायचं म्हणताय?"

"साहेबांना नाही. होर्डिंगला."

"होर्डिंगवर कोण आहे?"

कडकरावांचे हात आपोआप जोडले गेले.

"आणि डावीकडे," अध्यक्ष आवाज खाली आणत म्हणाले. "आपला पक्ष कधीपासून डावीकडे जायला लागला? कडकराव, तुम्ही बोललात म्हणून मी ऐकून घेतलं. दुसरा कोणी असता तर मला वर कळवावं लागलं असतं."

बाहेर पडताना कडकरावांना अध्यक्षांचं म्हणणं पटत होतं. नुसतं पटत होतं असं नाही, असा विचार आपल्या डोक्यात आलाच कसा याची लाज वाटत होती. पण दुकानात दोनशे चादरी वाळून कडक झाल्या होत्या आणि इस्पितळाच्या भांडारपाल बाईंचा दोनदा फोन येऊन गेला होता. तेव्हा त्यांनी पक्षाला वगळून शासनाकडे दाद मागायचं ठरवलं, आणि सौर कक्षात गेले.

सौर कक्ष तळघरात होता. तिथल्या कारकुनाने ट्यूबलाइटच्या उजेडात सावली-तक्रारीचा छापील अर्ज काढला आणि पेनाचं टोपण उघडलं.

"सावलीचं कारण?"

"होर्डिंग."

कारकुनाने अर्ज वर-खाली पाहिला. "तसा रकाना नाही. वृक्ष, इमारत किंवा ढग. तिन्हींपैकी एक सांगा."

"पण सावली होर्डिंगचीच आहे."

"असेल हो. मी नाही म्हणतोय का?" कारकून माणूस वाईट नव्हता. "हे बघा, इमारत लिहिलं तर प्रकरण कोर्टात जाईल, तुमच्या नातवंडांना निकाल मिळेल. ढग लिहिलं तर ते हवामान खात्याकडे जातं आणि ते लोक उत्तरच देत नाहीत. वृक्ष लिहिलं तर दोन दिवसांत कारवाई. दुकानाजवळ वृक्ष आहे ना?"

"आहे. पण तो दुकानाच्या उत्तरेला, रस्त्यापलीकडे. त्याची सावली माझ्या छपरावर कधीच पडत नाही."

"वृक्ष आहे," कारकुनाने लिहून घेतलं. "तेवढंच विचारलंय."

कडकरावांनी सही केली. या वेळी वाचून केली, आणि तेच त्यांना पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं.

ते झाड जुनं होतं. त्याची जात कोणी विचारली नव्हती. झाड म्हणून भागत होतं. त्याच्याखाली गल्लीतल्या स्कूटर आणि गाड्या दुपारभर उभ्या असत, निवृत्त मंडळी बाकावर बसून जगाचं मातेरं कसं झालं ते ठरवत. कडकरावांच्या कपड्यांची मोठी दोरी वीस वर्षं त्याच्याच खोडाला बांधलेली होती. गुरुवारी हिरव्या रंगाची गाडी आली. तिच्यावर 'हरित पथक' असं लिहिलेलं होतं. पथकाने आधी दोरी सोडली, ती व्यवस्थित गुंडाळून कडकरावांच्या हातात दिली, आणि मग करवत सुरू केली. दुपारपर्यंत झाड ट्रकमध्ये होतं. त्या जागी त्यांनी कुंडीतलं एक रोप ठेवलं, त्याचा फोटो काढला आणि पुढच्या गल्लीत त्याची गरज होती म्हणून रोप परत घेऊन गेले.

सगळी गल्ली दारात येऊन उभी होती. सगळे कडकरावांकडे पाहत राहिले. कडकरावांनी घसा साफ केला. "हरित ऊर्जेच्या मार्गातला अडथळा होता तो," ते म्हणाले. मग दोरीचं भेंडोळं काखेत घेऊन आत गेले आणि बराच वेळ मागच्या खोलीतून बाहेर आले नाहीत. बायको चहा घेऊन गेली तर ते दोरीच्या टोकाला लागलेली साल नखाने काढत बसले होते. ती कप ठेवून परतली.

चार दिवसांनी छाया निरीक्षक पाहणीला आले. बरोबर बारा वाजता छपरावर चढले, सावलीत उभे राहिले, रुमालाने मान पुसली आणि वहीत नोंद केली: 'वृक्ष हटवला. तक्रार निकाली.'

"पण सावली आहे की," कडकराव म्हणाले. "तुम्ही तिच्यातच उभे आहात."

"आहे ना. मी कुठे नाकारतोय?" निरीक्षकांनी वही मिटली. "पण कारण राहिलेलं नाही. वृक्ष गेला. आता जी उरली ती निष्कारण सावली. निष्कारण सावलीवर शासन कारवाई करू शकत नाही. उद्या कोणीही उठेल आणि उगाचच सावली पाडेल."

त्या दिवशी कडकरावांच्या बायकोने माळ्यावर चढून सासऱ्यांच्या काळातली कोळशाची इस्त्री खाली काढली. फडक्याने पुसली, मागच्या अंगणात कोळसे पेटवले.

"माझ्या दुकानात कोळसा?" कडकराव म्हणाले. "मी आदर्श लाभार्थी आहे. बाहेर तीन मजली फोटो आहे माझा."

"मग त्या फोटोतली इस्त्री आणा खाली, ती तापते का बघू," बायको म्हणाली. "की डॉक्टरांना सांगू, आज चुरगळलेल्या गाऊनमध्येच पोट फाडा म्हणून?"

कडकरावांनी दुसरी इस्त्री मागितली. माळ्यावर दुसरीही होती. दोघं नवरा-बायको पाठीला पाठ लावून रोज आठ तास कोळशावर इस्त्री करू लागले. धूर मागच्या अंगणातून निघून होर्डिंगच्या मागे चढायचा आणि साहेबांच्या डोक्यामागून बाहेर पडायचा. गिऱ्हाइकाने विचारलं की कडकराव सांगत, "ही जैविक ऊर्जा आहे. कोळसा म्हणजे शेवटी काय, कोट्यवधी वर्षांपूर्वी साठवलेलं ऊनच." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की काही दिवस त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला. पण बायकोचा खोकला सुरू झाला, आणि एका सोमवारी भांडारपाल बाईंनी अकरा गाऊन परत पाठवले. प्रत्येकावर काजळीचा बारीक ठिपका होता. सोबत चिठ्ठी होती: 'आणखी एकदा असं झालं तर काम दुसरीकडे देऊ.'

इकडे सौर कक्षात महिन्याचे आकडे गोळा झाले. कडकरावांच्या दुकानाने दिवसा सरकारकडून शून्य युनिट वीज घेतली होती. ती घेण्याची सोयच नव्हती, हा तपशील दुसऱ्या फाइलमध्ये होता. पॅनेलनी वीज दिलीच नव्हती, हा तिसऱ्या. पहिल्या फाइलवरून कडकरावांना 'शून्य वीज पुरस्कार' जाहीर झाला. तो द्यायला स्वतः मंत्रीमहोदय येणार होते, दुकानापाशी, सकाळी अकराला.

आदल्या दिवशी बायकोने खोकत खोकत नवऱ्याचा शर्ट कोळशाच्या इस्त्रीने कडक केला. "दोन शब्द बोलायला सांगतीलच," ती म्हणाली. "मला भाषण नको. एकच गोष्ट बोला. खरी असेल ती."

कडकराव हो म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते परिपत्रक न पाहता बोलणार होते.

समारंभाला सगळी गल्ली जमली. मंत्री आले, हार झाले, आणि छायाचित्रकाराने अडचण सांगितली. छपरावरचे पॅनेल काळेकुट्ट दिसत होते, फोटोत काहीच येत नव्हतं. धावाधाव झाली. खेळाच्या मैदानावरचे चार प्रचंड दिवे मागवले गेले, ते चालवायला डिझेलचा जनरेटर ट्रकवर आला. जनरेटर धडधडायला लागला, दिव्यांचा झोत छपरावर पडला, बाराच्या बारा पॅनेल आरशासारखे चमकले, आणि दुकानात स्टीम प्रेसचा लाल दिवा लागला.

कडकरावांची बायको पहिल्या रांगेत बसली होती. प्रेसचा फुसफुस आवाज तिने त्या गोंधळातही ओळखला. मंत्री बोलायला उभे राहिले तशी ती उठून आत गेली. स्वच्छ ऊर्जेवर मंत्री चाळीस मिनिटं बोलले. तेवढ्यात तिने नव्वद चादरी आणि सगळे गाऊन काढले, एकावरही ठिपका नाही. डिझेलवर उजेड, उजेडावर पॅनेल, पॅनेलवर प्रेस. योजना सुरू झाल्यापासून इतकी वीज त्या छपराने कधीच दिली नव्हती.

मग कडकरावांना ध्वनिक्षेपकापुढे उभं केलं. त्यांनी दुकानाच्या दाराकडे पाहिलं. बायको हातात गाऊन घेऊन उंबऱ्यात येऊन थांबली होती.

"साहेबांची सावली माझ्या छपरावर आहे," कडकराव म्हणाले.

टाळ्या पडल्या. कडकराव गोंधळले. टाळ्या थांबेपर्यंत थांबले.

"रोज सकाळी साडेनऊला ती पडते. चार वाजेपर्यंत हटत नाही."

मंत्र्यांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी साहेबांच्या नावाचा जयजयकार केला.

"या सावलीमुळे," कडकराव घाम पुसत म्हणाले, "मला ना सरकारी विजेचा लाभ, ना माझ्या स्वतःच्या."

"निःस्वार्थी माणूस," मंत्री शेजाऱ्याला म्हणाले.

"माझी बायको कोळशावर इस्त्री करते. तिला खोकला झालाय," कडकराव म्हणाले. पण नेमका तेव्हा जनरेटरने जोर धरला आणि हे वाक्य उंबऱ्यात उभ्या असलेल्या बाईखेरीज कोणालाच ऐकू गेलं नाही. समारोपात मंत्र्यांनी तिथल्या तिथे घोषणा केली. कडकरावांच्या भावनेचा मान राखून प्रत्येक सौर लाभार्थ्याच्या छपराशेजारी साहेबांचं असंच एक होर्डिंग उभारण्यात येईल. योजनेचं नाव 'छत्रछाया'.

गर्दी पांगल्यावर मंत्र्यांच्या सचिव बाई दुकानात आल्या. किरकोळ अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी छपराकडे पाहिलं, मग अंगणातल्या राखेकडे, मग कडकरावांच्या बायकोच्या काळ्या पडलेल्या बोटांकडे.

"तुम्ही खरं बोलत होतात ना?" त्यांनी कडकरावांना विचारलं.

कडकरावांनी मान डोलावली.

"मग एक काम करा. होर्डिंगमुळे त्रास होतो असा साधा अर्ज लिहा. गल्लीतल्या दहा रहिवाशांच्या सह्या घ्या आणि थेट माझ्याकडे पाठवा. दहा सह्या असल्या की कुणाला विचारावं लागत नाही, नियमातच आहे ते. आठवड्यात काढून टाकते."

"साहेबांना वाईट वाटलं तर?"

"साहेबांना अशी नऊ हजार होर्डिंग आहेत," त्या म्हणाल्या. "एक गेलं तर कळणारसुद्धा नाही."

कडकरावांनी तीन दिवस बसून अर्ज लिहिला. पक्षाबद्दल वावगा शब्द नव्हता. पक्ष चुकलेला नाही, खांब चुकलेत, अशी त्यांची मांडणी होती. पण बाकी सगळं होतं: पॅनेल, नववं पान, कारकून, झाड, निष्कारण सावली, कोळसा, खोकला. झाडाच्या बाबतीत सही माझीच होती, हेही त्यांनी लिहिलं. खाली पहिली सही स्वतःची केली. दुसरी बायकोने केली, आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की कडकरावांना पुरस्काराची आठवणही राहिली नाही.

मग ते आठ सह्यांसाठी बाहेर पडले.

निवृत्त मुख्याध्यापक वर्तमानपत्रांत पर्यावरणावर पत्रं लिहीत. झाड पडलं त्या आठवड्यात त्यांची तीन पत्रं छापून आली होती. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका दुरुस्त केल्या आणि परत दिला. "उत्तम लिहिलंय. अगदी निर्भीड."

"सही करता ना सर?"

मुख्याध्यापकांनी खिडकीतून खाली पाहिलं. "त्याचं असं आहे, झाड गेल्यापासून गल्लीत सावली म्हणून राहिली नाही. दुपारी माझी गाडी त्या होर्डिंगखाली असते. नवीन आहे हो, रंग उडतो उन्हाने."

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची स्कूटर तिथेच असायची. निवृत्त मंडळींनी आपला बाकही उचलून होर्डिंगच्या सावलीत नेला होता आणि तिथे बसून ते सरकारला शिव्या देत. त्यांनी कडकरावांना मधे बसवून घेतलं, अर्ज मोठ्याने वाचून घेतला, हसले, हळहळले. पेनाला कोणी हात लावला नाही. "आमची साहेबांना भीती नाही," त्यातला एक म्हणाला. "पण ऊन फार आहे."

शेवटी कडकराव रस्ता ओलांडून मेहुण्याकडे गेले. बावीस वर्षांत मेहुण्याच्या दुकानाची पायरी ते मत मागायला चढले नव्हते.

"तू तरी कर. तू तर विरोधातला आहेस. आणि बहीण आहे तुझी ती."

मेहुणा चष्म्याची काच पुसत राहिला. "ताईसाठी जीव देईन दाजी. खोकल्याचं औषध मी आणतो, डॉक्टर मी बघतो. पण सही नको." तो जवळ सरकला. "पुढच्या वर्षी निवडणूक आहे. आमचे लोक येणार असं दिसतंय. आमच्या अध्यक्षांनी ती होर्डिंगची जागा आतापासून सांगून ठेवलीय. सांगाडा तयार आहे, नुसता फ्लेक्स बदलायचा."

"म्हणजे सावली राहणारच?"

"सावली वाईट नसते हो," मेहुणा म्हणाला. "कुणाची आहे ते बघायचं असतं."

कडकरावांनी हे वाक्य कुठेतरी ऐकलं होतं. बराच विचार केल्यावर त्यांच्या लक्षात आलं की असली वाक्यं आजवर आपणच बोलत आलो आहोत. ते अर्ज उचलून परत आले.

इस्पितळाच्या दोनशे चादरींपैकी आता साठ उरल्यात. बाकी काम भांडारपाल बाईंनी दुसरीकडे दिलं. बायकोचा खोकला औषधाने थोडा कमी आहे. अर्ज कडकरावांनी काउंटरवर ठेवलाय, शेजारी सुतळीने बांधलेलं पेन. आठ रेघा मोकळ्या आहेत. कपडे न्यायला आलेली माणसं पावती शोधेपर्यंत तो हातात घेतात आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतात. कारकुनापाशी हसतात, निरीक्षकापाशी जरा जास्त हसतात, झाडापाशी आल्यावर त्यांचा चेहरा पडतो. मग अर्ज नीट सरळ करून जागेवर ठेवतात आणि म्हणतात, "काय नेमकं लिहिलंय. हे असंच आहे सगळीकडे. लोकांना काही वाटतच नाही."

कडकराव पेन पुढे सरकवतात.

इथवर वाचून झाल्यावर सुजाण माणूस जे करतो, तेच ही माणसं करतात. कपड्यांचं पुडकं काखेत मारतात आणि सावलीतली गाडी काढून घरी जातात.